दाराच्या छातीचा फोटो

रबात, ४ मार्च १९८८

प्रिय बतूल मावशी,

तुझ्या कपाळाला इथूनच ओठ लावते. मला नोकरी लागून दोन महिने झाले, पण मी नेमकं काय करते हे घरात अजून कुणाला सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते की नुझा सरकारी कचेरीत फोटो धुते. तसं ते खोटंही नाही. तुमच्यासारखी एक्स-रेच्या खोलीत काम करणारी माणसं छातीवर जो बिल्ला लावतात, तो महिना संपला की टपालाने आमच्याकडे येतो. त्यातली फिल्म मी धुते आणि ती किती काळवंडली ते मोजते. जितकी काळी, तितके किरण त्या माणसाने अंगावर घेतले, असा हिशेब.

सफ्रूचं पाकीट आलं तेव्हा मला फार आनंद झाला. आत तुमच्या दवाखान्याचे दोनच बिल्ले, डॉक्टर लहलूंचा आणि तुझा. डॉक्टरांचा घासलेल्या ताटासारखा स्वच्छ. ते खोलीत फक्त ओरडायला येतात असं तूच सांगायचीस, ते खरं दिसतंय. तुझाही आजवर कायम स्वच्छ, मी जुन्या नोंदी काढून पाहिल्या. फेब्रुवारीचा मात्र काळवंडलाय. खूप नाही, पण जिथे काहीच नसायला हवं तिथे काहीतरी आहे. मशीन चालू करताना तू शिशाच्या आडोशामागे उभी राहतेस ना? साहेबांना दाखवण्याआधी तुला विचारते आहे.

तुझी,
नुझा

*

सफ्रू, १३ मार्च

नुझा बाळ,

तुझं पत्र वाचलं आणि मी आधी आरशात जाऊन पाहिलं. आहे तशीच आहे. जिचं नाक मी माझ्या फडक्याने पुसलं ती पोर आता मला विचारते, मावशी, तू आडोशामागे उभी राहतेस ना. राहते. रोज राहते. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून राहते आहे.

तुमचं ते धुण्याचं पाणी शिळं असेल. नाहीतर पाकीट पोस्टाच्या खिडकीत उन्हात पडलं असेल. आमचा पोस्टमन पाकिटांवर बसून जेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या बुडाखाली कोणती फिल्म गोरी राहील?

आता ज्यासाठी मी कागद घेऊन बसले ते सांगते. केंझाला दिवस गेलेत. आईलासुद्धा सांगू नकोस, दिसायला लागेल तेव्हा दिसेल. याआधी दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात माझ्या लेकीचं पोट पडलं, तुला माहीत आहे. दुसऱ्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती आणि मी नुसती उंबऱ्यात उभी होते. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. मला रात्री झोप लागत नाही, नुझा. हे मी कुणाला सांगत नाही, तुला सांगते.

जावई ट्रक घेऊन अगादीरला जातो तो पंधरवडा पंधरवडा येत नाही, म्हणून तिला मी माझ्याकडे आणलंय. घरी एकटी कशी ठेवू? आमच्याकडे नावं लिहून घेणारी मुलगी लग्न करून गेली, तिच्या खुर्चीत केंझाला बसवलं. तिचं टेबल माझ्या खोलीच्या दाराला अगदी लागून आहे. मध्ये ते जाड दार, आतून शिसं लावलेलं. किरणांपासून अख्ख्या सफ्रूमध्ये याहून सुरक्षित जागा सापडणार नाही, आणि लोकांच्या नजरांचं बघायला मी आहेच. त्या नजरांपेक्षा किरण परवडले.

डॉक्टरांच्या किंवा तुझ्या साहेबांच्या कानावर यातलं काही घालू नकोस.

मावशी

*

रबात, ९ एप्रिल

प्रिय मावशी,

केंझाची बातमी वाचून मी कचेरीतच रडले. शेजारचा मोहसिन विचारायला लागला की कुणाचा बिल्ला इतका वाईट आला. तिला माझे खूप मुके दे.

आता तुझं. पाणी ताजं होतं, मीच ढवळलं होतं. तुझ्या पोस्टमनने त्याच बुडाखाली डॉक्टरांचाही बिल्ला आणला, तो गोराच राहिला. तुझा मार्चचा बिल्ला फेब्रुवारीच्या दुप्पट काळा आहे. इथला नियम असा की ओळीने तिसऱ्या महिन्यातही असंच निघालं तर मला कागद वर पाठवावा लागतो, आणि मग खोलीला सील लावायला माणूस येतो. तो माणूस मावशीबिवशी जाणत नाही.

मी बरंच डोकं खाजवलं. रडणाऱ्या लेकरांना फोटोसाठी तूच धरून उभी राहतेस का? पुष्कळ ठिकाणी असं करतात. धरायला लेकराची आई असते, तिला शिशाचा एप्रन घालायचा आणि तू आडोशामागे जायचं. ती आयुष्यात एकदा धरते, तू रोज धरशील. तसं काही असेल तर मोकळेपणाने सांग.

नुझा

*

सफ्रू, १६ एप्रिल

नुझा,

तू हुशार आहेस, बापावर गेली नाहीस हे बरं झालं. हो, लेकरं मीच धरते. सापडलंच ना कारण? लिहून टाक तुझ्या कागदावर. परवाच एका पोराने नाकात चिंचोका घातला होता, त्याला धरताना त्याने माझा अंगठा चावला. आया नुसत्या कोपऱ्यात उभ्या राहून किंचाळतात. यापुढे मी धरणार नाही. संपला विषय.

रमजान दोन दिवसांवर आलाय. केंझाला उपास करू देणार नाही, तिने वाद घातला तर ताट घेऊन समोर बसेन. तिसरा महिना सुखरूप पार पडलाय. रंग चांगला आहे, ओकाऱ्या थांबल्या. आणि का थांबल्या तेही सांगते, तू हसशील तर हस. मी नजर उतरवणाऱ्या लाल्ला हनियाला बोलावून तिच्यावरून शिसं ओतून घेतलं. एकदा नाही, दर शुक्रवारी. डोक्यावर चादर धरायची, वर पाण्याचं भांडं, आणि पळीतलं वितळलेलं शिसं त्यात सोडायचं. पहिल्या शुक्रवारी पाण्यातून असा काटेरी गोळा निघाला की हनियासुद्धा मागे सरकली. एवढ्या नजरा लागल्या होत्या माझ्या पोरीला. आता गोळा दर खेपेला गुळगुळीत निघतो.

मागच्या दोन्ही वेळा ओतलं होतं, पण ते बाजारातलं. बाजारवाले त्यात कथील मिसळतात, त्याचा काय उपयोग? या वेळचं शिसं खात्रीचं आहे. हनिया म्हणते तिच्या आयुष्यात तिने असं शिसं हाताळलं नाही. आता गल्लीतल्या दोघीतिघी माझ्यामागे लागल्यात, आम्हालाही चिमूटभर दे. कसंबसं दिलं एकीला. नाही म्हणवत नाही गं, तीही बिचारी सात वर्षं वाट बघते आहे.

मावशी

*

रबात, ११ मे

मावशी,

रमजानचा शेवटचा आठवडा आहे, पोटात काही नाही, त्यामुळे आज मी फार गोड बोलणार नाही.

एप्रिलचा बिल्ला आला. आणखी काळा. लेकरं धरायचं तू थांबवलंस म्हणतेस, आणि रमजानात तर दवाखान्यात गर्दीही कमी असते. मग मी फिल्म भिंगाखाली धरली. आता नीट वाच. बिल्ल्यात फिल्मच्या पुढे-मागे धातूचे लहान तुकडे असतात आणि त्यांच्या सावल्या फिल्मवर पडतात. माणूस चालतो, वाकतो, वळतो, म्हणून त्याच्या बिल्ल्यातल्या सावल्यांच्या कडा पुसट येतात. तुझ्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या आहेत. मावशी, तू अख्खा एप्रिल पुतळ्यासारखी उभी होतीस का?

दुसरं, किरण पुढून आलेच नाहीत, बिल्ल्याच्या पाठीकडून आले. म्हणजे तू लेकरांकडे पाठ करून त्यांना धरत होतीस. तेही न हलता. अंगठा चावला तरी.

तिसरा महिना भरला. कागद माझ्या खणात आहे आणि साहेब ईदच्या सुटीवर आहेत, तेवढाच वेळ माझ्या हाती आहे. बिल्ला कुठे असतो ते खरं सांग.

नुझा

*

सफ्रू, १९ मे

नुझा बाळ,

ईद मुबारक. डब्यात बदामाच्या करंज्या पाठवल्यात, वरच्या थरातल्या तुझ्या, खालच्या तुझ्या साहेबांच्या. खालच्या किंचित करपल्यात.

बरं, ऐक. तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. तो बिल्ला मी कधीच लावलेला नाही. त्याची पिन कापडाला भोक पाडते. पहिल्याच वर्षी माझ्या निळ्या झग्याचं त्याने वाटोळं केलं, तेव्हापासून मी त्याला खोलीच्या दारावर, बाहेरच्या अंगाला, कडीजवळच्या खिळ्यावर टांगते. सकाळी टांगते, महिनाअखेर काढून पुसते आणि तुम्हाला पाठवते. इतकी वर्षं तुम्ही लोक शाबासकी देत आलात, बतूल फार काळजीने काम करते म्हणून.

तेव्हा आता आनंद कर. काळा पडला तो बिल्ला, मी नव्हे. माझ्या अंगावर एक किरण आलेला नाही. दारावर टांगलेली वस्तू काळी झाली तर त्याला बतूल काय करणार? कागद फाडून टाक आणि करंज्या खा.

केंझाचं पोट आता दिसायला लागलंय. चौथा महिना संपला, नुझा. संपला. मी कुणाजवळ बोलत नाही, उगाच कुणी ऐकायचं.

मावशी

*

रबात, २३ मे

मावशी,

दवाखान्याचा फोन सकाळपासून लागत नाही, म्हणून हे पत्र फेसच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तिथून तो टॅक्सीवाल्याकडे देईल आणि संध्याकाळपर्यंत ते तुझ्या हातात असेल. उभ्याउभ्याच वाच.

बिल्ला दाराच्या बाहेर होता. म्हणूनच तो इतकी वर्षं कोरा होता, दारातलं शिसं सगळे किरण पीत होतं. फेब्रुवारीपासून तो काळवंडतोय आणि किरण त्याच्या पाठीकडून येतायत. त्याच्या पाठीला काय आहे? दार. म्हणजे किरण दारातून बाहेर पडतायत.

आणि दाराला लागून कोण बसतं हे तूच मला लिहिलं होतंस.

केंझाला त्या खुर्चीतून आत्ता उठव. उद्या नाही. मग दाराच्या बाहेरच्या अंगाला, कडीच्या उंचीवर फिल्म भरलेली एक कॅसेट चिकटव, खोलीत नेहमीसारखा कंबरेचा फोटो काढतेस तसं, पण रोग्याच्या जागी पाण्याचं भांडं टेबलावर ठेवून मशीन चालव. एकदा पुरणार नाही, पाचसहा वेळा चालव. बाहेर कुणी नको. ती फिल्म धुऊन मला पाठव. दाराच्या छातीचा फोटो काढ, एवढंच.

मी घाबरवायला लिहीत नाही. मीच घाबरले आहे.

नुझा

*

सफ्रू, २४ मे

नुझा,

उठवलं. घरी पाठवलं. का, ते तिला सांगितलं नाही.

फिल्म सोबत आहे. मी ती ओल्या हातांनीच दिव्यासमोर धरली. धरायची गरज नव्हती, आत काय दिसणार हे मला माहीत होतं. मधली फळी चार स्क्रूंवर आहे. मीच काढली होती, फेब्रुवारीत. शिसं मऊ असतं, कात्रीने कापलं जातं. आधी तळहाताएवढं घेतलं. मग दर शुक्रवारी थोडं, मग त्या शेजारणीसाठी.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. मशीनचं तोंड दाराकडे नसतं, समोरच्या भिंतीकडे असतं. दारातलं शिसं मला फुकट बसलेलं वाटलं. आणि ज्या शिशाने इतकी वर्षं किरण गिळले त्याला एक नजर काय जड जाणार? म्हणून मी ते घेतलं. माझ्या लेकीला दृष्ट लागू नये म्हणून घेतलं आणि तिला त्याच भोकासमोर बसवलं.

किती गेलं तिच्या पोटात? मोज आणि खरं लिही. गोड करून लिहू नकोस.

बतूल

*

रबात, ३० मे

प्रिय मावशी,

खरं लिहिते, तूही खरं म्हणूनच वाच. मी दोनदा मोजलं, मग मोहसिनला नाव न सांगता मोजायला दिलं, मग साहेबांना सगळं सांगितलं आणि त्यांच्याकडून मोजून घेतलं. चारही वेळा बेरीज एकच आली.

आकाशातून आणि जमिनीतून आपल्या सगळ्यांच्या अंगावर थोडे किरण रोजच पडत असतात, तू काही कापलंस किंवा नाही तरी. त्याचं वर्षभराचं जेवढं होतं, तितकंही केंझाच्या वाट्याला या साऱ्या महिन्यांत आलेलं नाही. बाळाच्या वाट्याला तर त्याहून कमी, कारण ते तिच्या आत आहे. पोटातल्या बाळाची डॉक्टर लोक ज्या मापाला काळजी सुरू करतात, ते माप इथून फार दूर आहे. बाळाला यातून काही होईल असं मानायला कारण नाही. हे मी तुझी भाची म्हणून लिहीत नाही, साहेबांनी खाली सही केली आहे ती बघ. करंज्या त्यांना आवडल्या. करपलेल्याच जास्त.

म्हणून ते ठीक होतं असं समजू नकोस. मशीनचं तोंड भिंतीकडे असलं तरी किरण रोग्याच्या अंगावर आपटतात आणि तळणीतल्या तेलासारखे चहूकडे उडतात. तू आडोशामागे उभी राहतेस ती त्यांच्यासाठीच ना? आडोशाला जे लागू तेच दारालाही लागू आहे. हे तुला माहीत होतं. लेकीच्या काळजीत विसरलीस, एवढंच.

तुझी फिल्म मी दिव्यासमोर लावून बसले होते. दाराच्या शिशाची पांढरी छाती, काठाला स्क्रूचे चार ठिपके, आणि मधोमध काळी खिडकी, कात्रीच्या दातांसकट. एका कोपऱ्यात वेडावाकडा तुकडा तुटलाय, तिथे बहुधा घाई झाली होती. मला हसूही आलं आणि रडूही. आजवर मी इतका स्पष्ट फोटो पाहिला नाही.

एका गोष्टीची मला किरणांपेक्षा जास्त भीती वाटते. वितळलेल्या शिशाचा धूर पोटुशीच्या डोक्यावर. तो विषारी असतो. केंझाचं रक्त तपासून घ्या, आणि यापुढे ना शुक्रवार ना हनिया. बाकी शुक्रवारी तुला जे पुटपुटायचं ते शिशाशिवाय पुटपुट, त्याला माझी हरकत नाही.

आता दोन कामं तुलाच करायची आहेत. डॉक्टरांना सांग, कारण दारात नवं शिसं बसेपर्यंत खोली बंद राहणार आणि ते पत्र आज निघतंय. आणि केंझाला सांग. माझ्याकडून तिला कळू नये.

नुझा

*

सफ्रू, २६ जून

नुझा बाळ,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही माझ्या बाजूने नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. ते इतका वेळ ओरडले की शेवटी मीच त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी फळी उघडून भोकात डोकं घातलं आणि बराच वेळ तिथेच राहिले. मला वाटलं आता मला कामावरून काढतात. बाहेर आले तेव्हा हळूच विचारत होते की त्यांच्या सुनेसाठी थोडं शिसं उरलंय का. मी नाही म्हटलं. उरलं असतं तरी दिलं नसतं. नवं शिसं फेसहून आलं, सुताराने बसवलं, परवापासून खोली चालू आहे. या महिन्याचा बिल्ला माझ्या छातीवर आहे. पिनेच्या जागी मी बटण शिवून घेतलंय.

हनियाला निरोप दिला. ती म्हणाली, शिशाने नजर नाही तर किरण उतरवले असतील, काहीतरी उतरवलं ना? तिच्याशी कोण भांडणार? शेजारीण मात्र तिचा तुकडा परत द्यायला तयार नाही. तिला समजावून सांगितलं, धुराचं सांगितलं. तिने तो कापडात बांधून कपाटात ठेवलाय, नुसता. असू दे.

केंझाचं रक्त फेसला तपासलं, चांगलं निघालं.

तिला सांगायला मला दोन आठवडे लागले. रोज सांगायला जायचे आणि रोज काहीतरी खायला घालून परत यायचे. शेवटी चेरीच्या जत्रेच्या दिवशी, बाहेर ढोल वाजत होते, ती बिया काढत बसली होती, तेव्हा सगळं सांगितलं. खिळा, फळी, कात्री, खुर्ची. तुझा कागद आणि साहेबांची सही पुढे ठेवली. तिने वाचलं. मला वाटलं आता ही जावयाकडे निघून जाईल. मीच तिचं गाठोडं बांधून द्यायला उठले असते. ती बराच वेळ बिया काढत राहिली. मग म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी फार केलंस. आता बाळ होईपर्यंत माझ्यासाठी काहीही करू नकोस. काहीही."

नुझा, तू मला मशीन उचलून डोक्यावर घ्यायला सांगितलं असतंस तर मी घेतलं असतं. हे जमत नाही. ती जिना उतरते तेव्हा मी माझेच हात धरून ठेवते. शेजारीण तिच्या पोटाकडे बघून, नजर लागू नये म्हणून म्हणायचं ते "माशाल्ला" म्हणाली नाही तरी मी गप्प बसते. ताट घेऊन समोर बसत नाही, चादर ओढत नाही. खोलीत बसून भिंतीकडे बघते, तर त्यावरही ती म्हणते, आई, तू तिथे बसून काळजी करतेस ते मला इथे ऐकू येतं.

काल दुपारी तिने हाक मारली. मी गेले आणि आधी विचारलं की काही करायचंय का. नाही म्हणाली. नुसता माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली, चांगली जोरात.

मी काहीच केलं नाही. तशीच बसून राहिले.

मावशी